रात्र मोजणारं झाड

सुलतान बाजार, हैदराबाद
श्रावण

अगं,

तुझा फोटो पोचला. ऑगस्टात अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, आणि शेजारी तुझ्याहून वीतभर उंच भांगेचं झाड! फोटो मोठा करकरून पाहिला. सुनेनं बिया आणायच्या, चार दिवस हौसेनं पाणी घालायचं आणि मग ‘आईंना झाडं जगवता येतात’ म्हणून कुंड्या तुझ्या गळ्यात मारायच्या, हे मला अजिबात नवं वाटलं नाही. तू तरी काय कमी आहेस? कॅनडातल्या तुमच्या सास्काटूनात कायद्यानं घरटी चार झाडं चालतात, तर तू चारही लावलीस. मेथीच्या वाफ्याशेजारी! आणि खाली लिहितेस, ‘एवढं वाढलं, पण कळीचा पत्ता नाही, माझं काय चुकलं?’

तुला सांगते, तुझं काही चुकलेलं नाही. ताक आणि डाळ धुतलेलं पाणी तेवढं आता बंद कर. पाला कशानं माजलाय ते मला इथून दिसतंय.

तो फोटो मी बडी चावडीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवाल्या अम्माला दाखवला. तिच्यापुढे गोंगूऱ्याच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, जुड्या रचलेल्या होत्या. तांबूस देठ, हाताच्या बोटांसारखी फाकलेली पानं, कडेला बारीक दाते, आणि त्यावर नुकतंच शिंपडलेलं पाणी. तिनं फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ घेतला आणि म्हणाली, “गोंगूराच है ना अम्मा? इत्ता बड़ा?” मागे बसलेला तिचा नातू फोटो बघून असा काही हसला की मला त्याच्याकडे डोळे वटारावे लागले. पण अम्माचं फार चुकलं नाही हं. अंबाडीचं कातरलेलं पान आणि भांगेचं पान शेजारी ठेवलं तर भले भले फसतात. आणि ऐक, अंबाडीचा स्वभावही तुझ्या झाडासारखाच आहे. जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैत, फूल धरायची ती दिवस आखूड व्हायला लागल्यावरच. म्हणून तर पावसाळाभर आपल्याला पाला खायला मिळतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. हे झाड आपलं वय बघत नाही, उंची बघत नाही. रात्र किती लांब आहे ते बघतं. सलग बारा तासांच्या आसपास अंधार मिळायला लागला की ते पाला सोडून फुलाच्या मागे लागतं. काही जातींना दहा तासही पुरतात. आता तुझं सास्काटून बघ. जूनच्या शेवटी तिथे जवळजवळ पावणेसतरा तासांचा दिवस. त्या उजेडात झाडाला वाटणार, अजून पुष्कळ वेळ आहे, वाढून घ्यावं. आपल्याकडे वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्याही आतच आटोपतो. तुझ्याकडे अंधार पुरेसा व्हायला ऑगस्ट उजाडतो, त्यानंतर फूल भरून तयार व्हायला आठ-नऊ आठवडे हवेत, आणि सप्टेंबरच्या मध्याला दहिवर गोठायला लागतं. कर बरं हिशेब. ऊन भरपूर, पाणी भरपूर, माती सुंदर, आणि झाड उशिरा जागं होतं. उत्तरेकडच्या सगळ्या परसबागवाल्यांचं हेच दुखणं आहे.

आपल्याला हा दिवस-रात्रीचा हिशेब, म्हणजे प्रकाशकाळ, शिकवला तेव्हा पुस्तकात गार्नर आणि अ‍ॅलार्ड होते, आठवतं? 1920 सालचं संशोधन, मेरिलँड मॅमथ नावाचा तंबाखू. तू त्या तंबाखूची आकृती वहीत इतकी देखणी रंगवली होतीस, की बाईंनी ती वर्गभर फिरवली आणि आकृती मी काढलीय हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस! पण त्यांच्याही आधी एकाला हे उमगलं होतं, आणि तेही तुझ्याच झाडावरून. ज्यूलियाँ तूर्न्वा नावाचा फ्रेंच तरुण. 1912 च्या सुमाराला तो भांग आणि हॉपच्या वेलीवर काम करत होता. ऐन थंडीत काचघरात पेरलेली रोपं एवढीएवढीशी असतानाच फुलायला लागली. त्यानं उजेडाचे तास मुद्दाम कमी करून पाहिले, तरी तेच. दिवस आखूड झाल्यापेक्षा रात्र लांबल्यामुळे हे होत असावं, असं त्यानं 1914 मध्ये लिहून ठेवलं. पुढे तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. काम तिथेच थांबलं, आणि नाव झालं ते दुसऱ्यांचं. मला हे वाचून फार वाईट वाटलं गं. इतकी वर्षं मुलींना तो धडा शिकवला, आणि या मुलाचं नाव त्या पुस्तकात एका ओळीतही नव्हतं. तुझ्या झाडाकडे बघताना त्याची आठवण काढत जा.

आपल्या कॉलेजचं निघालंच आहे तर सांगते. तिथल्या त्या जुन्या रेसिडेन्सीच्या इमारतीची डागडुजी झाली, दरबार हॉल पुन्हा उजळला. दोन्ही सिंह पायऱ्यांशी आहेत तसेच आहेत. तू ज्याच्या पाठीवर टेकून कैरी खायचीस, त्या डावीकडच्याला मी तुझा नमस्कार सांगितला. कॉलेजचं आता महिला विद्यापीठ झालंय, चाकली ऐलम्माचं नाव दिलंय त्याला. मला ते नाव फार आवडलं. बाजारात मात्र तू आलीस तर आधी गोंधळशील. तू गेलीस तेव्हा मेट्रोचे खांब यायचे होते. 2020 पासून गाडी आपल्या डोक्यावरून जाते, सुलतान बाजार नावाचं स्टेशनच आहे. खाली तीच बांगड्यांची दुकानं, तेच परकराचे गठ्ठे, तोच ‘देखके जाव, लेना नक्को’चा गजर. मराठी ग्रंथ संग्रहालयात परवा गेले होते. तुझ्या आवडीच्या खिडकीशी एक मुलगी पाय वर घेऊन वाचत बसली होती, अगदी तुझ्यासारखी. तिला कुणी ओरडलं नाही, तुला ओरडायचे.

तिथेच बसून गांज्याच्या जुन्या लागवडीबद्दल वाचलं. हे झाड आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. इंग्रजी अमलात आपल्या नगर जिल्ह्यात परवान्यानं गांजा पिकायचा. मध्य प्रांतात खांडव्याकडे आणि बंगालात नौगावलाही. नौगावला ऑगस्टात रोपं टाकायची, सप्टेंबरात लावणी आणि काढणी पार जानेवारी-फेब्रुवारीत. वाचताना मला तुझा हेवा नाही, कीवच आली! केवढा निवांत हंगाम तो. थंडी पडतेय, पण गोठत नाही. रात्री लांबताहेत, पण झाडाला भरायला महिनेच्या महिने मिळताहेत. 1893 साली सरकारनं हेंप ड्रग्ज कमिशन नेमलं, त्याच्या अहवालात एका माणसाबद्दल लिहिलंय. त्याला पारखदार म्हणत. शेतातून एकेक झाड बघत जायचं आणि नर झाड ओळखून उपटायचं, एवढंच त्याचं काम. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पराग वाऱ्यावर उडाला की मादीचे तुरे बियांनी भरतात आणि गांजा म्हणून त्यांना किंमत उरत नाही. कळी येण्याआधी सुगावा लागायचा तो फक्त पारख असलेल्यालाच.

तर तूही आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन पारखदारीण हो. पानाच्या बगलेत नीट बघ. दोन बारीक पांढरे केस दिसले की मादी, बारक्या गोळ्यांचे घोस लोंबले की नर. तुमच्या भागात बियांच्या भांगेची शेतं आहेत, तिथला पराग वाऱ्यानं आला तर त्याला तुझा इलाज नाही. पण घरातल्या घरात तरी घोळ नको.

आणि संध्याकाळी एक काम कर. गॅरेजमध्ये जाड काळी ताडपत्री असेल. चार काठ्या रोवून सात वाजता ती झाडांवर घाल आणि सकाळी सातला काढ. रोज, न चुकता, वेळ पाळून. मध्येच फट राहिली, उजेड शिरला, तर झाडाचा हिशेब बिघडतो. तुझ्या मागच्या दारावर तो माणूस दिसला की पेटणारा दिवा आहे ना, तो बंदच ठेव. तुमच्याकडचं मांजर रात्रभर त्याच्यासमोर येरझाऱ्या घालतं असं तूच लिहिलं होतंस! शेवंतीवाले शेतात रात्री दिवे लावून फूल लांबवतात, दर चांगला मिळेपर्यंत. तुझ्या मांजरानं तोच धंदा फुकटात चालवलाय. खरं तर ही ताडपत्री जूनअखेरीलाच घालायला हवी होती, म्हणजे फूल थंडीच्या आत हाती लागलं असतं. आता जेवढे दिवस वाचतील तेवढे वाचव. झाडं कुंडीत आहेत हे बरंच झालं. पारा शून्याखाली जाणार असं कळलं की गॅरेजमध्ये ओढायची. हलकी थंडी ती सोसतात, कडक गोठण एका रात्रीत काळं करून टाकते. आणि तुऱ्यात राखाडी बुरशी दिसली तर तेवढा भाग लगेच काप, जीव तुटला तरी. सप्टेंबरचं दव आणि दाट तुरा एकत्र आले की ती धरतेच.

पुढच्या वर्षी मात्र बी बदल. सुनेला सांग, स्वतःहून फुलणारी जात आण. रुडेरालिस नावाची एक ठेंगणी रानभांग आहे, रशियात व्होल्गेकडची. 1924 साली यानिशेव्हस्की नावाच्या शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. तिथला उन्हाळा एवढासा, म्हणून तिनं रात्र मोजणंच सोडलं. उगवल्यावर काही आठवडे गेले की फुलायचं, रात्र लहान असो की मोठी. तिच्या संकरातल्या जाती अडीच-तीन महिन्यांत आटोपतात. मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर लावलीस तर ऑगस्टातच मोकळी होशील. तुमच्या भागातल्या शेतांत फिनोला म्हणून बियांची भांग लावतात, तीही तसलीच. फिनलंडमध्ये उत्तर रशियाच्या बियाण्यापासून काढलेली, ठेंगणी, शंभर-सव्वाशे दिवसांची. 1998 मध्ये कॅनडानं बियांच्या आणि धाग्याच्या भांगेची शेती खुली केली, त्यानंतर ती तिथे रुजली. आपल्याकडचं दक्षिणेतलं बी तू तिथे लावलं असतंस, तर ते बर्फ पडेपर्यंत नुसतं उंच होत राहिलं असतं. ज्या मातीत आणि ज्या उजेडात झाड वाढवायचं, तिथलंच बी घ्यावं, हे मी मुलींना आयुष्यभर सांगत आले. आणि मला ते अजूनही मनापासून वाटतं.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती, ‘इथे बोलायला झाडंच आहेत.’ ती वाचून मी जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. असं एकटं वाटलं की फोन कर गं. तुझ्या संध्याकाळी, माझ्या सकाळी. मी साडेपाचला उठलेलीच असते. झाडांशी बोल, पण माझ्याशीही बोल.

डिसेंबरात येते आहेस ना? तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, आणि सुनेलाही सांग. तिकडे हे झाड कायदेशीर आहे ते 17 ऑक्टोबर 2018 पासून, आणि ते देशाच्या आतच. सीमेबाहेर नेणं तिथेही गुन्हा आहे. इथे 1985 चा कायदा आहे. विनापरवाना एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उत्तराखंडानं 2018 पासून धाग्याच्या भांगेला परवाने दिलेत, ती गोष्ट वेगळी. तेव्हा वाळलेलं पान, तुरा, बी, काही म्हणजे काही पिशवीत टाकू नकोस. मला कौतुकानं दाखवायलासुद्धा नको. फोटो आण, पुष्कळ आण. आणि येताना मेथीचं तुझ्या हातचं बी मात्र घरीच ठेव, इथे मेथीला तोटा नाही. तू तेवढी ये.