आप्पांची दुनळी आणि चौदाशे रुपयांचा हिशेब



इथं कुणी आजीच्या पितळी डब्यावर लिहितंय, कुणी इंदूरच्या वाड्यावर, कुणी बडोद्याच्या गणपतीवर. वाचून फार बरं वाटतं. मी आज आमच्या घरातल्या अशा एका वस्तूवर लिहितो, जिच्याविषयी चारचौघांत बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. आमच्या घरी बंदूक होती. बारा बोअरची दुनळी. परवान्याची, म्हणून लिहायला हरकत नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. बेळगावची मंडळी तो भाग जाणतात. पाऊस उदंड, जंगल दाराशी आणि शेत म्हणजे डोंगरउतारावरच्या भाताच्या खाचरांच्या पायऱ्या. आमची जमीन साडेचार एकर. मी बी. कॉम. होऊन बँकेत लागलो होतो, बेळगावात खोली घेऊन राहत होतो. धाकटा भाऊ आप्पांबरोबर शेतीत. १९७७ च्या दिवाळीआधी रानडुकरांचा कळप तीन रात्रींत आमचं एक एकर भात लोळवून गेला. ज्यांनी डुकरानं लोळवलेलं भात बघितलं नाही त्यांना सांगतो, डुक्कर खातं थोडं आणि नासतं फार. दाणा चिखलात जातो. उचलून झोडपायलासुद्धा काही उरत नाही.

त्या आठवड्यात आप्पा म्हणाले, "आता बंदूक घेतल्याशिवाय भागत नाही बघ." आणि बँकेतला मुलगा म्हणून हिशेब माझ्याकडं आला. घरातून जमू शकत होते १४०० रुपये. त्यात सगळं बसवायचं.

पहिला प्रश्न, कोणती बंदूक? आमच्या तात्यांचं म्हणजे धाकट्या काकांचं मत ठाम होतं. त्यांनी कुठं तरी पाच बारांची ऑटोमॅटिक बघितली होती. एक बार उडाला की त्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. फक्त चाप ओढत राहायचं. "कळप आला तर दोन बारांनी काय होतंय?" असं त्यांचं म्हणणं. शिकारीची अर्धस्वयंचलित रायफल मिळाली तर सोन्याहून पिवळं, असंही ते म्हणत. पण तसली रायफल साध्या परवान्यावर कुणाला मिळतच नसे, आजही मिळत नाही. पाच बारांची परदेशी बंदूक परवान्यात बसली असती, पण जुनी घ्यायची म्हटली तरी आमच्या आवाक्याच्या दुप्पट-तिप्पट.

मग कायदा बघितला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याच्या उपयोगाचं एक कलम आहे, तेरावं. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं त्यात आहे. ठासणीची बंदूक पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे आम्हाला अर्जात ठासणीची का पुरत नाही ते पटवायचं होतं. ते अवघड नव्हतं. आमच्याकडं ऑक्टोबरातसुद्धा पाऊस असतो. ठासणीत दारू घाला, बोळा घाला, छर्रे घाला, गजानं ठासा, टोपी बसवा, तोवर डुक्कर गोव्यात पोचतं. आणि दारू ओली झाली तर बार फुसका. आप्पांनी सांगितलं आणि मी बँकेच्या भाषेत अर्ज लिहिला. सातबारा, तलाठ्याचा पंचनामा, पोलीस पाटलाचा दाखला, फोटो, चौकशी. परवाना हातात पडायला आठ महिने गेले. त्या काळी एवढे लागायचेच.

रायफल का नको, हे मला आमच्या बँकेच्या हवालदारकाकांनी समजावलं. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आमच्या शाखेत पहारेकरी झाले होते. बेळगाव म्हणजे मराठा रेजिमेंटचं गाव, तेव्हा बहुतेक बँकांच्या दारात असा एखादा हवालदार बारा बोअर घेऊन बसलेला असायचाच. ते म्हणाले, इछापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल चांगली असते. पण तिची गोळी चुकली तर दीड-दोन किलोमीटर जाते. तुमच्या खाचरांच्या खाली वस्ती आहे, वर धनगरांची घरं. बारा बोअरचे छर्रे चाळीस मीटरपलीकडं डुकराला काही करत नाहीत, आणि तुम्हाला तेवढ्यापलीकडचं रात्री दिसणारही नाही. तात्यांच्या पाच बारांवर त्यांचं उत्तर एका वाक्याचं होतं : "ज्याला पाचवा बार लागतो, त्यानं पहिला नीट बघून मारलेला नसतो."

बारा बोअर म्हणजे काय, हेही त्यांनीच सांगितलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास. साधारण साडेअठरा मिलिमीटर. मी कॉमर्सचा माणूस, मला हे माप फार आवडलं. भागाकारावर उभी असलेली बंदूक.

बेळगावच्या एका दुकानात तीन बंदुका आमच्या बजेटात होत्या. एक नवी देशी एकनळी, एक जुनी विलायती दुनळी दिसायला अतिशय देखणी, आणि एक जुनी साधी विलायती दुनळी, दस्ता तडकलेला. देखण्या दुनळीच्या नळीवर पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी होती. हवालदारकाकांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ती नळी काळ्या दारूच्या जमान्यातली. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिला सोसेलच असं नाही. फुटली तर डावा हात गेला. दुकानदारालाही ते ठाऊक होतं, त्यानं आग्रह केला नाही.

तडकलेल्या दस्त्याची बंदूक त्यांनी अर्धा तास तपासली. पुढचं लाकूड काढून, दस्ता धरून हलवून बघितली. सांधा खिळखिळा असेल तर तिथं खुळखुळतं. नळ्या काढून दोरीला टांगल्या आणि बोटानं टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला. दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असती तर बद्द आवाज आला असता. मग नळी उजेडाकडं धरून आतली वर्तुळं बघितली, कुठं पोचा आहे का, गंजाचे खड्डे आहेत का. सगळ्यात शेवटी नळीखालचे बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के आणि काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या विलायती बंदुकांत ते घर बऱ्याचदा अडीच इंचांचं असतं आणि बाजारात मिळणारं काडतूस पावणेतीन इंचांचं. ते आत जातं, तेच धोक्याचं आहे. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आमची पावणेतीनची निघाली. दस्ता तडकला म्हणून किंमत उतरलेली. काका मला हळूच म्हणाले, "लाकूड बदलता येतंय साहेब, नळी नाही."

ते वाक्य मी पुढं कर्जाच्या अर्जांवर अनेकदा वापरलं. वरचा रंग उडालेला धंदा चालतो, आतली नळी सरळ पाहिजे.

मग जुळवाजुळव. दुकानातल्या कारागिरानं शिसवीचा नवा दस्ता बसवून दिला. त्याआधी आप्पांना बोलावून माप घेतलं : कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या खाचेपासून चापावरच्या बोटापर्यंत. तयार कपडा आणि शिंप्याकडचा कपडा यात असतो तेवढाच फरक. दस्ता लांब झाला की बंदूक काखेत अडकते, आखूड झाला की अंगठ्याचा ठोसा नाकावर. तीन सेलची बॅटरी नळीखाली बसवायला गावच्या लोहारानं पट्टी केली. काडतुसांचा पट्टा आणि कॅनव्हासची पिशवी कॅम्पातल्या एका चांभारानं शिवली. माझ्या वहीतली नोंद अजून आहे :

बंदूक ९५०
दस्ता, लाकूड व मजुरी ११०
लोखंडी पेटी व दोन कुलपं ९५
बॅटरी व लोहाराची पट्टी ३५
पिशवी व काडतुसांचा पट्टा ४०
काडतुसे २५ नग ७५
गज, ब्रश, तेल ३०
परवाना फी, फोटो, प्रवास ४५
एकूण १३८०

उरलेले वीस रुपये आईनं देवापुढं ठेवले. तिला ही वस्तू घरात नकोच होती. तिनं एकच अट घातली, पेटीची किल्ली माझ्याकडं. बंदुकीची पेटी माजघरात, काडतुसं वेगळ्या ट्रंकेत, आणि दोन्ही किल्ल्या आईच्या कनवटीला. आप्पांना बंदूक हवी असेल तर आईला उठवावं लागे. आज लोक सुरक्षिततेचे नियम छापतात, आमच्याकडं तो नियम नऊवारीला बांधलेला होता.

दुनळीचे तीन तुकडे होतात : नळ्या, दस्ता, पुढचं लाकूड. नळ्यांचा आकडा सांध्यात अडकवायचा, वर उचलून खट् बंद करायच्या, पुढचं लाकूड दाबून बसवायचं. पहिल्या दिवशी आप्पांनी अंगणात हे पंधरा-वीस वेळा केलं. भाताच्या पेंढ्या बांधणारा माणूस, पण हात नव्या नवरीसारखे जपून चालत होते.

आता ज्या रात्रीसाठी हे सगळं लिहितोय ती. १९७९, भात पिवळं पडलेलं. मी सुटीत आलो होतो. आप्पा आणि मी माळ्यावर. पहाटे तीनच्या सुमाराला खालच्या खाचरात खसखस झाली. आप्पांनी बंदूक उचलली. बांधाशी काहीतरी काळं, बुटकं, वाकलेलं हलत होतं. पाठीचा बाक अगदी डुकराचा. तीस पावलांवर. मी हळूच म्हणालो, "आप्पा, आहे." त्यांनी चापावर बोट नेलं नव्हतं. म्हणाले, "डोकं कुठंय त्याचं?" मला सांगता येईना. "मग कसलं आहे म्हणतोस?" त्यांनी बंदूक खाली घेतली, पट्टीतली बॅटरी सोडवून हातात घेतली आणि मग लावली. काळी घोंगडी खोळ करून पांघरलेला शेजारच्या शिवारातला पोरगा होता. चौदा-पंधरा वर्षांचा. फुटलेला बांध चिखलानं बुजवत होता. उजेडाकडं तोंड करून म्हणाला, "कोण, आप्पा काय?"

आप्पांनी दोन्ही काडतुसं काढून माझ्या हातात दिली. बराच वेळ बोलले नाहीत. मग त्या पोराला वर बोलावून किटलीतला चहा दिला. दुसऱ्या दिवशी लोहाराकडं जाऊन ती नळीखालची पट्टी काढून टाकली. उजेड बघायला वेगळा आणि बंदूक वेगळी, असं ठरलं. बघण्यासाठी कुणाकडं नळी रोखायची नाही. पस्तीस रुपयांच्या नोंदीपुढं मी शाईनं लिहिलं : "रद्द."

तो पोरगा आज नातवंडांचा आजोबा आहे. बेळगावात भेटला की "साहेब" म्हणून हाक मारतो. त्या रात्री त्याच्याकडं काय रोखलेलं होतं, हे आम्ही त्याला कधी सांगितलं नाही.

आप्पा २००३ मध्ये गेले. परवानाधारक गेला की घरात बंदूक ठेवता येत नाही, पोलिसांत किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. तेराव्यानंतर मी आणि भावानं ती जमा केली. काडतुसांची वही आप्पांनी कोर्टाच्या कागदासारखी ठेवली होती. पंचवीस वर्षांत १४२ बार. त्यातले १३६ हवेत, नुसते हाकलायला. सहा डुकरावर, वनखात्याचा कागद असताना, मेली तीन. भावानं आपल्या नावावर परवाना काढला. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर आणायची. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं आणि वन्यजीव कायद्याप्रमाणे दहा किलोमीटरच्या आतल्या शस्त्र परवानाधारकांना वनखात्याकडंही नोंद करावी लागली. त्याच्या आधी कधीच, १९९१ च्या दुरुस्तीनंतर, शिकारीचे परवाने बंद झालेले. राहिली ती फक्त पिकासाठी आणि जिवासाठी, तीही परवानगीनं.

मागच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली. भाऊ सत्तरीला टेकलाय, रात्री माळ्यावर चढवत नाही. त्याचा मुलगा हुबळीला. फोनवर मला म्हणाला, "तूच सांग की." मी सवयीप्रमाणं दोन रकाने मांडले. एकीकडं नूतनीकरण, हेलपाटे, काडतुसं. दुसरीकडं सौर कुंपण, ज्याचा झटका क्षणभराचा असतो आणि जीव घेत नाही. काही ठिकाणी लोक तारेत थेट लाइनीची वीज सोडतात, कुणी गावठी बॉम्ब पेरतात. त्यानं गुरं मेलीत, माणसंही मेलीत. तो रकाना मी मांडलाच नाही.

आकड्यांनी कुंपण जिंकलं. तरी भाऊ आठ दिवस उत्तर देईना. मग एका सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, दस्ता पुसला, तेल दिलं, दुकानात देऊन आलो. दुकानदारानं नळ्या टांगून टिचकी मारली. "अजून तसाच वाजतोय रे."

वहीत मी शेवटची नोंद केली : दुनळी, विक्री. रक्कम लिहिली आणि खातं बंद केलं.

आईच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र भावाकडं आहे. त्या किल्ल्यांना लागणारी कुलपं आता दाण्याच्या कोठीला आहेत. सीमाभागात अजून कुणाच्या घरी अशी पिकाच्या राखणीची बंदूक होती का, तिचं पुढं काय झालं, ते जरूर लिहा. वाचायला मी आहेच.