टोपीखालचा आकडा

पॅकेज डॉट जेसन ही फाइल उघडलीत तर जवळपास प्रत्येक लायब्ररीच्या आकड्याआधी एक छोटी टोपी दिसेल. कॅरेट. १७.०.२ च्या आधी ती असली की अर्थ असा: पहिला आकडा १७च ठेव, पुढचे दोन वाढलेले मिळाले तर खुशाल घे. कारण संकेत ठरलेला आहे. जुना कोड मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर मधला, किरकोळ दुरुस्तीला शेवटचा. हे पाळलंय का, ते एनपीएम तपासत नाही. सगळं लेखकाच्या शब्दावर.

आणि हा लेखक पुष्कळदा नोकरी सांभाळून रात्री फुकट काम करणारा कुणीतरी असतो. मार्च २०१६ मध्ये एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि एकानं आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होतं, ११ ओळींचं, मजकुराच्या डावीकडे जागा भरणारं. जगभर बिल्ड अडले. जानेवारी २०२२ मध्ये कलर्सच्या लेखकानं त्यात मुद्दाम कधीच न संपणारा लूप घातला. मोठ्या कंपन्यांसाठी फुकट राबणार नाही, असं तो आधीच बोलला होता. वाढला होता फक्त शेवटचा आकडा. त्याचा राग मला कळतो, पण त्या दिवशी लहान लोकांचीही कामं अडली.

मध्यंतरी एका नाट्यगृहाची तिकीट साइट रिअ‍ॅक्ट १८ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. इन्स्टॉल करताच लाल अक्षरं: तारीख निवडायच्या पॅकेजला रिअ‍ॅक्ट १७च हवं होतं. पूर्वी एनपीएम अशा वेळी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचं, ७ व्या आवृत्तीपासून अडून बसतं. कुणालाही विचारा, लेगसी-पीअर-डेप्सचा फ्लॅग लाव म्हणतील. मला तो फ्लॅग आवडत नाही. या एका भांडणासोबत उद्याची भांडणंही तो दिसेनाशी करतो.

म्हणून त्या पॅकेजचा कोडच वाचायला घेतला. १८ वर मोडेल असं त्यात काही सापडेना. अडत होता तो फक्त लिहून ठेवलेला आकडा. तो बदलणारी एका ओळीची दुरुस्ती कुणीतरी केव्हाच पाठवली होती. तिच्याखाली ‘हे लवकर घ्या ना’ म्हणणाऱ्यांची रांग, आणि लेखकाचं उत्तर नाही. तो कुठे आहे, बरा आहे का, हे त्या रांगेत एकानंही विचारलेलं नव्हतं.

ओव्हरराइड्समध्ये त्या एकाच पॅकेजपुरती सूट लिहिली, लॉक फाइल कमिट केली, आणि बुकिंगची प्रत्येक पायरी तीन फोनवर करून पाहिली. दोन दिवस गेले.

‘साइट तर तशीच दिसतेय,’ मॅनेजर काका म्हणाले. बिलातल्या त्या दोन दिवसांवर त्यांनी अजून सही केलेली नाही.