एक प्रहर

चैत्र उजाडला की आमच्या करोंदच्या कृषी उपज मंडीबाहेर गव्हाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. सकाळच्या फेरफटक्यात ती आम्हांस रोज भेटते. ट्रॉलीतल्या गव्हावर चादर अंथरून शेतकरी निवांत पहुडलेला असतो. लिलावाची पाळी आल्याखेरीज भाव फुटायचा नाही, हे तो जाणून असतो. गेल्या चैत्रात त्याच्या निवांतपणाचा आम्हांस हेवा वाटला. कारण घरी आमचे चिरंजीव भ्रमणध्वनीकडे टक लावून बसले होते, आणि पलीकडून उत्तर येत नव्हते.

हकीकत तशी साधीच आहे. इंदूरच्या एका वधूवर परिचय मेळाव्यात चिरंजिवांना एक मुलगी आवडली. मुलगी बँकेत नोकरीस, बोलण्यात मोकळी. तिलाही चिरंजीव नापसंत नव्हते. दोन्ही घरच्या मंडळींची भेट झाली आणि ‘मुलांनी आधी महिना-दोन महिने एकमेकांशी बोलून पाहावे’ असे ठरले. हा नवा रिवाज आम्हांस मनापासून पटतो. पोह्यांच्या बशीआडून पाच मिनिटे पाहून जन्माची गाठ मारण्यापेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा.

पहिला आठवडा बरा गेला. मग संदेशांची रीघ लागली. सकाळी शुभप्रभात, दहा वाजता ‘पोहोचलीस का?’, दुपारी ‘जेवलीस का?’, रात्री ‘झोपलीस का?’. संदेश वाचला गेला की निळ्या खुणा उमटण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ साली आली. त्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही की चिरंजिवांकडून पाठोपाठ एक प्रश्नचिन्ह जाई, मग ‘रागावलीस का?’, आणि मग न केलेल्या अपराधाची क्षमायाचना. मार्चअखेरच्या कामाखाली दबलेल्या त्या मुलीने उत्तर द्यावे तरी केव्हा? अखेर तिने आमच्या सौभाग्यवतींना फोन केला. “काकू, ते मनाने चांगले आहेत. पण दिवसभर कुणीतरी माझी हजेरी घेते आहे, असे वाटते. मला नाही जमायचे.” एवढेच बोलून तिने नमस्कार सांगितला.

‘हजेरी’ हा शब्द आमच्या जिव्हारी लागला. आमची उभी हयात महसूल खात्यात गेली. तिथे पत्रास उत्तर आले नाही तर स्मरणपत्र धाडायचे, मग दुसरे स्मरणपत्र, शेवटी अर्धशासकीय पत्र. आमचा अनुभव असा की, स्मरणपत्र हाती पडताच समोरचा अधिकारी मूळ विषय विसरतो आणि आपल्याला टोचणारा कोण, एवढेच लक्षात ठेवतो. फाइलीच्या बाबतीत जे खरे, ते मनाच्या बाबतीत किती अधिक खरे असेल!

चिरंजिवांना चार शब्द सुनवावेत म्हणून आम्ही थेट कालिदासाची साक्ष काढली. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे अनेक पंडित मानतात. मेघाच्या वाटेवर पुढे विदिशा लागते, उज्जयिनी लागते. म्हणजे ही वाट आमच्या घराण्याच्या ओळखीची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि जुन्या मध्य प्रदेशाची नागपूरची राजधानी मागे ठेवून जे कर्मचारी भोपाळला आले, त्यांत आमचे वडील होते. त्या यक्षाने वर्षभराच्या शापातले आठ महिने सोसले आणि मग एकच निरोप धाडला. तोही धाडताना मेघाला बजावून सांगितले की, ती झोपली असेल तर गर्जना करू नकोस. एक प्रहर तिच्याजवळ नुसता थांब. “निरोप पाठवावा तर असा!” आम्ही समेवर आलो.

चिरंजिवांनी सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, “बाबा, ती त्याची लग्नाची बायको होती. तिला दुसरी स्थळे येत नव्हती. मी गप्प बसलो तर ही मला विसरून जाईल, याची मला भीती वाटत होती. आणि रोज संध्याकाळी ‘आज काय म्हणाली?’ असे तुम्हीच विचारत होतात ना?”

आम्ही निरुत्तर झालो. विचारत होतो खरे. इतकेच नव्हे, तर मुलीच्या वडिलांना रोज पहाटे गुलाबाच्या चित्रासह सुविचार पाठवण्याचा आमचाही नेम चालू होता. मुलाच्या अंगी उतावळेपणा कुठून आला, याची चौकशी करावयास दूर जाण्याची गरज नव्हती.

त्या रात्री सौभाग्यवतींनी कपाटातून जुनी पत्रे काढली. १९८८ च्या हिवाळ्यात नागपुरास त्यांना पाहून आम्ही आष्ट्याला परतलो होतो. तेव्हा आम्ही तिथे नायब तहसीलदार होतो. त्यांचा होकार यायचा होता. पण त्यांच्या वडिलांनी, काळाच्या मानाने मोठे मन दाखवून, पत्र लिहिण्यास परवानगी दिली होती. त्या निळ्या आंतरदेशीय पत्रांकडे बोट दाखवून सौभाग्यवती म्हणाल्या, “पाहा, तुझ्या बाबांनी कधी घाई केली नाही. पाच महिन्यांत सातच पत्रे.”

इथे गप्प राहणे आम्हांस सहज शक्य होते. पण मुलाच्या चेहऱ्याकडे पाहवेना. आम्ही म्हणालो, “सात नव्हेत, आठ. आठवे टाकले नाही.”

सदतीस वर्षांत ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या पत्रास दोन आठवडे उत्तर आले नाही, तेव्हा आम्ही एका रात्रीत चौथे लिहिले. त्यात आर्जव होते, टोमणे होते, ‘नकार असल्यास स्पष्ट कळवावा’ अशी दरडावणीही होती. सकाळी ते टपालपेटीत टाकणार, तोच गारपिटीची खबर आली आणि नुकसानीच्या पंचनाम्यांसाठी आम्हांस गावोगाव हिंडावे लागले. चौथ्या दिवशी परतलो तो दारात त्यांचे पत्र पडलेले. आजोळी आजीचे दुखणे होते, म्हणून उशीर झाला होता. खिशातले पत्र आम्ही चुलीत घातले. ज्याला सौभाग्यवती आमचा संयम समजत आल्या, तो टपालखात्याचा आणि त्या गारपिटीचा होता. आमच्या हाती तेव्हा भ्रमणध्वनी असता, तर चिरंजीव जन्मासच आले नसते!

सौभाग्यवती काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दरडावणीसुद्धा?” आणि हसल्या.

चिरंजिवांनी विचारले, “म्हणजे कमी लिहावे, हाच धडा ना?” आम्हांस ते पुरते पटले नाही. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाह १९२९ साली झाला. त्याआधी त्यांनी एकमेकांस लिहिलेल्या पत्रांचे ‘कुसुमानिल’ हे अख्खे पुस्तकच १९७२ मध्ये निघाले. तेव्हा पुष्कळ लिहिणे हा काही दोष नव्हे. पत्र काहीतरी देत असते, ‘जेवलीस का?’ हा दिवसातून तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न काहीच देत नाही, तो केवळ उत्तरासाठी हात पसरून उभा राहतो. ज्याच्याशी अजून नाते जुळायचे आहे, त्या माणसाला आपली आठवण यावी असे वाटत असेल, तर आठवण येण्यापुरती जागा त्याला द्यावी लागते. आम्हांला ती जागा अंतराने फुकट दिली. आजच्या मुलांना ती स्वतःच्या भीतीवर मात करून निर्माण करावी लागते. हे काम आमच्या कामाहून कठीण आहे आणि त्याबद्दल त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आमच्या पिढीला फारसा नाही.

स्थळ मोडले ते मोडलेच. महिन्याभराने चिरंजिवांनी तिला एक शेवटचा संदेश लिहिला आणि पाठवण्यापूर्वी आम्हांस दाखवला. ‘तुला त्रास झाला, चूक माझी होती. उत्तराची अपेक्षा नाही.’ चांगला होता. आम्ही मान डोलावली.

निळी खूण उमटली की नाही, हे मात्र आम्ही त्यांना अद्याप विचारलेले नाही.