पास वन, पास टू आणि कोरा कागद

पुणे विद्यापीठातून नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांना सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग म्हटलं की दोन पुस्तकं आठवतात. एक डोनोव्हनचं, 1972 सालचं, आयबीएम 360 च्या उदाहरणांनी भरलेलं. दुसरं आयआयटी मुंबईच्या प्रा. ढमढेरे यांचं. पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की ग्रंथालयात या दोन्हींसाठी नंबर लागे. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळालीच, तर ती आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट मिळे, आणि परीक्षेला काय येतं ते त्या खुणांवरून कळे.

अभ्यास म्हणजे तक्ते भरणं. असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम समोर ठेवायचा, डावीकडे लोकेशन काउंटरचा रकाना आखायचा आणि ओळीओळीने आकडा पुढे न्यायचा. काउंटर 205 वर असताना ‘ए डीएस 5’ आलं, तर ‘ए’चा पत्ता 205 आणि पुढची ओळ थेट 210 वर. ते पाच विसरलं की खालचे सगळे पत्ते चुकलेच. पुढे येणाऱ्या लेबलवर उडी असेल, तर त्याचा पत्ता अजून ठाऊक नाही. म्हणून पास वनमध्ये नुसते पत्ते गोळा करायचे आणि पास टूमध्ये ते जागच्या जागी भरायचे. सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल, पूल टेबल, मॅक्रोसाठी नावांचं टेबल (एमएनटी) आणि व्याख्यांचं टेबल (एमडीटी). होस्टेलवर रात्री एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने रकाना भरायचा, तिसऱ्याने तपासायचं. तक्ता जुळला की असेंब्लरला दोन फेऱ्या का लागतात, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

आज तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या फोनवर मागचे सगळे पेपर असतात. न समजलेला भाग यूट्यूबवर हवा तितक्या वेळा ऐकता येतो. शंभर मार्कांचा तीन तासांचा पेपर जाऊन 30 चा इन-सेम आणि 70 चा एंड-सेम आला. चॅटबॉटला प्रश्न दिला की भरलेला तक्ता क्षणात समोर येतो. पुस्तकासाठी ताटकळणं संपलं, ही चांगलीच गोष्ट झाली. खेड्यातून आलेल्या, ओळखीचा सीनियर नसलेल्या मुलाचा यात फार मोठा फायदा आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आज खरं यंत्र उघडून बघता येतं. ढमढेरे सरांच्या पुस्तकातलं यंत्र काल्पनिक होतं. ते चालताना आम्ही कधी पाहिलं नाही. आता स्वतःचा सी प्रोग्रॅम कंपाइल करून लिनक्सवर ‘रीडएल्फ’ चालवलं की त्याचं सिम्बॉल टेबल पडद्यावर येतं. आम्हाला हे मिळालं असतं, तर लोडर आणि लिंकरची प्रकरणं निम्म्या वेळात उमगली असती.

पण भरलेला तक्ता वाचणं आणि तो भरणं यांत फरक आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रोग्रॅम बदललेला असतो आणि पुढे नोकरीत ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची एरर आली, की कुठलं नाव कुठे सापडलं नाही याचा माग स्वतःलाच काढावा लागतो. ती नजर हाताने रकाने भरूनच येते.

म्हणून यंदा परीक्षेला बसणाऱ्यांना एक विनंती. उत्तर उघडण्याआधी एक तरी प्रोग्रॅम कोऱ्या कागदावर दोन्ही पास करून सोडवा आणि मग खऱ्या यंत्रावर सिम्बॉल टेबल उघडून बघा. आमच्या वाट्याला फक्त कागद आला होता. तुम्हाला दोन्ही मिळालं आहे, दोन्ही वापरा.