राष्ट्राध्यक्ष लोकप्रिय, पण कुठे?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष किती लोकप्रिय आहेत, हे गॅलप ही जनमत चाचणी संस्था १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून २०२५ पर्यंत विचारत होती. देशभराचा तो एक आकडा बातमीला पुरतो, निवडणुकीच्या सल्लागाराला पुरत नाही. जनमत चाचण्यांचे आकडे तपासणे हा माझा व्यवसाय. मी आधी राज्यांचे तक्ते उघडतो. अमेरिकेतली सत्ता ५३८ निर्वाचक मतांवर ठरते, बहुमताला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात जो पुढे, त्याला राज्याची सगळी निर्वाचक मते. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षावर कॅलिफोर्निया आणखी चिडला, तर देशाची सरासरी उतरते, निकाल मात्र हलत नाही. विस्कॉन्सिन थोडे चिडले तरी हलतो.

हे गणित एमिल हुर्जाला पक्के ठाऊक होते. मिशिगनच्या खाणपट्ट्यात जन्मलेला हा माणूस खाण कंपन्यांच्या शेअरचा अभ्यासक होता. खनिजाचा नमुना तपासून साठ्याची प्रत ठरवतात, तसे मतांचेही करता येईल, असे त्याचे म्हणणे. १९३२ साली डेमोक्रॅटिक उमेदवार रूझवेल्टच्या प्रचारात त्याने ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाच्या चाचणीचे आकडे घेतले आणि उत्तर देणाऱ्यांनी १९२८ मध्ये कोणाला मत दिले होते, ते त्या वर्षीच्या खऱ्या निकालाशी ताडून पाहिले. नमुना जिथे रिपब्लिकनांकडे झुकला होता, तिथे आकडे दुरुस्त केले.

१९३५ मध्ये लुइझियानाचे सिनेटर ह्यूई लाँग तिसऱ्या पक्षातून उभे राहतील, अशी धास्ती होती. हुर्जाने डेमोक्रॅटिक पक्षाचे नाव लपवून टपालाने गुप्त चाचणी घेतली. लाँगना देशभर तीस-चाळीस लाख मते पडू शकतील, असे दिसले. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे ती मते ४७ निर्वाचक मतांचे न्यूयॉर्क राज्य धोक्यात आणू शकत होती. त्याच सप्टेंबरात लाँग यांची हत्या झाली आणि हा धोका टळला.

राज्याची चाचणी वाचताना पहिली गफलत होते ती चढउतारात. सहाशे जणांच्या चाचणीत चूक चार टक्के इकडेतिकडे असू शकते. अशा दोन चाचण्यांतला फरक जवळजवळ सहा टक्क्यांहून कमी असेल, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. पसंती ४६ वरून ४३ वर आली, म्हणून मी राष्ट्राध्यक्षांचे धोरण बदलायला सांगणार नाही. शेजारच्या दोन-तीन राज्यांतही अपक्ष मतदार त्याच दिशेने सरकले, तर मात्र सांगेन. शिवाय नुसती नापसंती आणि तीव्र नापसंती वेगळी मोजावी लागते. पहिलीतला माणूस परत वळू शकतो.

दुसरी गफलत नमुन्याची. २०१६ मध्ये अनेक राज्यस्तरीय चाचण्यांत पदवीधर प्रमाणाबाहेर होते आणि शिक्षणानुसार भार देऊन ते सुधारलेही नव्हते. देशभरात हिलरी क्लिंटन यांना सुमारे दोन टक्के मते जास्त पडली, देशाच्या चाचण्यांचा अंदाजही याच्या जवळपासच होता. विस्कॉन्सिनमध्ये मात्र मार्केट विद्यापीठाची शेवटची चाचणी त्यांना सहा टक्क्यांनी पुढे दाखवत होती आणि तिथे ट्रम्प सुमारे २३ हजार मतांनी जिंकले. उमेदवारी मिळाल्यानंतर क्लिंटन त्या राज्यात प्रचाराला एकदाही गेल्या नव्हत्या.

आघाडीचा आकडा सुखद असला, की तो तपासायला कोणी बसत नाही. सल्लागाराचा पगार खरे तर त्याच आकड्यावर शंका घेण्यासाठी असतो.