मोजक्या किल्ल्यांचा हिशेब

वाड्यांत बिऱ्हाडें अनेक आणि नळ एक, असा संसार ज्यांनीं केला आहे, त्यांस पुढील हकीकत परकी वाटूं नये. विषय मात्र संगणकाच्या पोटांतला आहे.

आमचा पुतण्या लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामचा, कोड तपासतो. “काका, जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यात, आतां एवढें एक पान ऐका,” असें म्हणून त्यानें परवां जें वाचून समजावून दिलें, त्यांत आम्हीं एक सबंध संध्याकाळ रमलों.

हल्लीं एकाच मोठ्या यंत्रावर अनेक भाडेकरूंचे आभासी संगणक बिऱ्हाड करून असतात. एएमडी कंपनीच्या एपिक प्रोसेसरमध्यें प्रत्येक बिऱ्हाडाची मेमरी निराळ्या किल्लीनें कूटबद्ध करण्याची सोय आहे; हेतु हा कीं, घरमालकासही आंतला मजकूर वाचतां येऊं नये. परंतु प्रत्येक किल्लीस एक क्रमांक लागतो, व हे क्रमांक यंत्रांतच मोजके. 2017 सालच्या पहिल्या पिढींत ते अवघे 15 होते; 2019 च्या दुसऱ्या पिढींत 509 झाले. एकानें सारे बळकावले, तर मेमरी कितीही मोकळी असली तरी दुसऱ्याचें संरक्षित बिऱ्हाड उघडतच नाहीं.

यास्तव 2020 सालीं केवळ या क्रमांकांसाठीं एक नियंत्रक सुचविण्यांत आला. चर्चेअंतीं त्याचें रूप व्यापक झालें, आणि नुसती मोजदाद पुरेल अशा किरकोळ साधनांचा नियंत्रक म्हणून तो 2021 सालीं 5.13 या आवृत्तींत दाखल झाला. हें योग्यच झालें. प्रत्येक नव्या वस्तूस नवें दालन बांधणारा कारभारी आम्हांस तरी नको.

त्याची रीत अशी. प्रोसेसांचे गट एकांत एक असतात. एखाद्या गटानें किल्ली मागितली कीं, त्याच्या खातीं एक, त्याच्या वडील गटाच्या खातीं एक, असें थेट मुळापर्यंत मांडीत जावयाचें. वाटेंत कोणाचीही मर्यादा ओलांडली, तर नकार. वडिलांची मर्यादा मुलाच्या खात्यावर लिहिलेली नसूनही त्यास लागू पडते. पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्ति ज्यांनीं घोकली आहे, त्यांस यांत नवल नाहीं.

गंमत पुढेंच आहे. हा कोड आधीं आंकडा वाढवितो आणि मग मर्यादा पाहतो! आधीं पाहून मग मांडणें शहाणपणाचें नव्हे काय, असें आम्हीं विचारलें. पुतण्या म्हणाला, “दोघांनीं एकाच क्षणीं पाहिलें तर? एक शिल्लक दोघांसही दिसेल, आणि दोघेही उचलतील.” म्हणून वाढ एका अखंड क्रियेंत करावयाची व आलेली बेरीज तपासावयाची. मात्र नकार मिळाल्यास वाटेंतल्या सर्व खुणा पुसल्या पाहिजेत. पुसणारें आवर्तन मागणाऱ्यापासून निघून जेथें अडलें त्या गटाच्या अलीकडेच थांबतें. त्या गटाची खूण पुसावयास खालीं एक स्वतंत्र ओळ आहे.

त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या प्रतींत कोणीं सुचविलेल्या फेरफारांत नेमकी हीच ओळ पुनरुक्ति समजून गाळली होती. ती गेल्यानें कांहींच कोसळत नाहीं. प्रत्येक नकारागणिक त्या गटाचा आंकडा एकानें फुगतो, एवढेंच. आणि पुढें किल्ल्या परत आल्या तरी खातें भरलेलेंच दिसतें. पाठ नसलेला श्लोक मुलगा अडखळून म्हणतो तेव्हां मास्तरास कळतें. चुकीचा श्लोक घडघडीत म्हटला, तर पुस्तक उघडावें लागतें.

आणखी एक नियम कांहींस खटकेल. प्रोसेस दुसऱ्या गटांत गेली, तरी किल्ली पहिल्याच्याच खातीं राहते. आम्हांस हें पटतें. जेथें मांडलें तेथेंच वजा झालें, तरच वहीचा मेळ बसतो. मर्यादा एकूण किल्ल्यांहून मोठी ठेवण्यासही हरकत नाहीं. कारण ती कमाल आहे, राखून ठेवलेला वाटा नव्हे. (आमच्या घरीं आंब्यांच्या दिवसांत हा भेद मुलांस अजून समजावितां आलेला नाहीं.)

पुतण्यानें तो फेरफार परत पाठविला आहे. ती ओळ पुन्हां घालावी, आणि मर्यादा भरल्यावर शंभर वेळां किल्ली मागून, शंभरही नकारांनंतर आंकडा होता तेथेंच राहतो कीं नाहीं याची चांचणी सोबत जोडावी, असें त्यानें कळविलें आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.