गाडीत दम भरताना

टोमॅटोला भाव आला की आमच्या गॅरेजात एक ठरावीक प्रश्न येतो. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांपर्यंत पोचलं होतं, तेव्हा तर सारखाच यायचा. घरातली जुनी झेन किंवा स्विफ्ट घेऊन विशी-पंचविशीतला पोरगा येतो, बोनेट उघडतो आणि विचारतो, "काका, हिच्यात टर्बो बसवू, सुपरचार्जर टाकू, का इंजिनच मोठं चढवू?" मोबाईलवर त्यानं सगळं पाहिलेलं असतं. आवाजही ऐकलेले असतात.

मला हा प्रश्न आवडतो, कारण यंत्राबद्दल कुतूहल असल्याशिवाय तो पडत नाही. पण मी आधी उलटं विचारतो, "गाडी मरते कुठं?"

उत्तरं वेगवेगळी येतात. भीमाशंकरला पाच माणसं घेऊन जाताना तळेघरच्या पुढं गाडी दुसऱ्या गियरवर येते, असं कुणी सांगतो. माळशेज चढताना वळणातून बाहेर पडलं की गाडी उचलत नाही, असं दुसरा सांगतो. तिसऱ्याला नाशिक हायवेवर उसाच्या ट्रकला ओलांडताना पिकअप कमी पडतो. तक्रार ऐकायला एकच वाटते, पण दुखणं तिन्ही ठिकाणी निराळं असतं आणि औषधही त्याप्रमाणेच ठरतं.

मुळात इंजिन हवेवर चालतं. वजनानं एक भाग पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं, हवा वाढवणं अवघड. त्यात आपला मुलूख उंचावरचा. भीमाशंकर समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहे आणि तिथं हवेचा दाब दहा-अकरा टक्क्यांनी कमी भरतो. मुंबईत ८० हॉर्सपॉवर देणारं साधं इंजिन तिथं सत्तरीवर येतं. मे महिन्यात हवा तापून आणखी पातळ होते. गाडी म्हातारी झाली असं मालकाला वाटतं, तेव्हा पुष्कळदा तिला हवाच पुरत नसते.

आणि पुष्कळदा ती खरोखर म्हातारी झालेली असते. म्हणून काहीही ठरवण्याआधी मी इंजिन गरम करतो, सगळे प्लग काढतो, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावतो आणि स्टार्टर मारतो. सुझुकीच्या १३०० सीसी इंजिनाला नवं असताना १४ किलोच्या आसपास प्रेशर मिळतं. काटा १२च्या खाली थांबला, किंवा दोन सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक दिसला, की रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले समजायचं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. काटा वर चढला तर रिंगा, तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह. हे सगळं पोरासमोर करतो. गेजचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की निम्म्या जणांना टर्बोची गरजच उरत नाही. हेडचं काम, नवी क्लच प्लेट आणि स्वच्छ इंजेक्टर एवढ्यावर गाडी पुन्हा घाट चढायला लागते.

आता तिन्ही उपायांकडे येऊ. सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. पाय दाबला की लगेच हवा मिळते, वाट पाहावी लागत नाही. माळशेजच्या वळणातून बाहेर पडताना हवी असते ती ताकद हीच. पण तो पंप फिरवायला इंजिनाचीच शक्ती खर्च होते, त्यामुळे पेट्रोल जास्त जातं. लहान गाडीच्या बोनेटखाली अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग यांच्यात आणखी एका पुलीला जागा करणं हे निराळंच काम. जपानी कंपन्यांनी लहान गाड्यांत हे करून दाखवलं. निसानच्या मार्च सुपर टर्बोमध्ये ९३० सीसीच्या इंजिनाला सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही जोडून ११० हॉर्सपॉवर काढले होते. तिथं ब्रॅकेटपासून पट्ट्यापर्यंत प्रत्येक तुकडा त्या गाडीसाठीच घडवलेला होता. इथं ब्रॅकेट लेथवर बनवावं लागतं आणि ते एक मिलिमीटर वाकडं बसलं तरी पट्टा उडतो.

टर्बोची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट मागितलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूनं एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं हवा दाबून आत ढकलायची. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. उंचावर याचा फायदा मोठा, कारण बाहेरची हवा पातळ झाली तरी टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. आपल्या मारुती ८००च्या भावंडाला, जपानच्या अल्टो वर्क्सला, सुझुकीनं १९८७ मध्ये ५४३ सीसीच्या इंजिनातून टर्बोच्या जोरावर ६४ हॉर्सपॉवर दिले. आपल्या ८०० सीसीत तेव्हा चाळीससुद्धा नव्हते.

पण जुळणी करताना इथंच इंजिनं फुटतात. अर्धा बार बूस्ट दिला की दाबली गेल्यामुळे हवा पन्नास अंशांहून जास्त तापते. इंटरकूलर नसेल तर ती तापलेली हवा सिलिंडरात जाते, पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि नॉकिंग सुरू होतं. घाटात, दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर, पूर्ण लोडवर हे सतत चालू राहिलं तर पिस्टनची कड वितळते. म्हणून टर्बो बसवताना कॉम्प्रेशन रेशो कमी करावा लागतो, इंजेक्टर मोठे लागतात, ईसीएम नव्यानं मॅप करावा लागतो, ऑइलची जाणारी-येणारी लाइन निर्दोष लागते. जुना टर्बो हातात आला की मी दांडा दोन बोटांत धरून आधी वर-खाली आणि मग आत-बाहेर हलवून बघतो. किंचित बाजूची हालचाल चालते, पण आत-बाहेर ढिला असेल किंवा चक्राची कड घराला घासल्याची चकाकी दिसली, तर तो भंगारात. बाजारात रंग मारून 'नवा' म्हणून मिळणारे बरेचसे असेच असतात.

टर्बो की मोठं इंजिन, या वादाचा उत्तम धडा आपल्याला खेड घाटाच्या खालीच मिळाला. चाकणला फोक्सवॅगननं पोलो बनवली. २०१० मध्ये तिच्यात १६०० सीसीचं साधं इंजिन आलं, १०५ हॉर्सपॉवर आणि १५३ न्यूटन मीटर टॉर्कचं. २०१३ मध्ये जीटी टीएसआय आली, १२०० सीसी टर्बो. हॉर्सपॉवर तेच १०५, टॉर्क मात्र १७५ आणि तोही दीड हजार आरपीएमपासून. साध्या इंजिनाला स्वतःचा पूर्ण टॉर्क गाठायला पावणेचार हजारांच्या पुढं फिरावं लागायचं. आपल्या घाटात फरक पडतो तो या दीड हजार आणि पावणेचार हजारांत. कागदावर दोन्हींचे हॉर्सपॉवर सारखे, पण घोडेगावच्या पुढच्या चढावर टर्बोवाली गाडी कमी आरपीएमवरच ओढते.

इंजिन बदलणं हे तिघांत जुनं आणि आपल्या मातीतलं काम. जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवणारे मिस्त्री एकेकाळी गावोगाव होते. कंपन्यांनीही तेच केलं. पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचं इंजिन होतं, जिप्सी किंगमध्ये १३०० सीसीचं आलं. कॉन्टेसाला १५०० सीसी जड जातं हे दिसल्यावर हिंदुस्थान मोटर्सनं तिला इसुझूचं १८०० सीसी दिलं. त्याच कंपनीच्या, त्याच घराण्यातल्या इंजिनाची अदलाबदल तिन्हींत सर्वांत भरवशाची, कारण ते इंजिन आपल्या मूळ ताकदीवर, न ताणता चालतं. त्याच्यासोबत फाउंडेशन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर आणि पूर्ण वायरिंग मात्र त्याच दाता गाडीतून यायला हवं. नुसतं 'हाफ इंजिन' आणून जुळवायला गेलं की वर्षभर गाडी गॅरेजातून हलत नाही.

आणि ताकद वाढवली की थांबण्याची सोयही वाढवावी लागते. फियाटनं रांजणगावला हे नीट करून दाखवलं. १३६८ सीसीचं साधं इंजिन ९० हॉर्सपॉवरचं, तेच लिनिया टी-जेटमध्ये टर्बोसह ११४, आणि २०१५च्या अबार्थ पुंटोमध्ये १४५. पण अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. ताशी ८०ऐवजी १००नं जाणाऱ्या गाडीला थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं. बायपास झाल्यापासून नाशिक हायवेवर वेग वाढलाय आणि रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना चालतातच. मागं जुने ड्रम ठेवून पुढं दीडशे हॉर्सपॉवर भरणारा माणूस स्वतःच्या घरच्यांचा विचार करत नाही, असं मी तोंडावर सांगतो.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील आणि कंपनीनं ठरवलेला मूळ तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मान्यताप्राप्त सीएनजी किटला वाट आहे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलून आरटीओत नोंदवायलाही आहे. घरी बसवलेल्या टर्बोला ती नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते.

म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे. आधी गेज लावून असलेलं इंजिन निरोगी करा. ते संपलंच असेल तर त्याच प्रकारचं चांगलं इंजिन बसवा आणि आरटीओत नोंद करा. घाटासाठी खरोखर जास्त ताकद हवी असेल, तर कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली लहान गाडी घ्या. ज्या पैशांत घरचा टर्बो, इंटरकूलर, मॅपिंग, क्लच आणि ब्रेक नीट बसतील, त्यात चांगल्या अवस्थेतली जुनी टीएसआय येते. सुपरचार्जरचा नाद आणि बाहेरचं मोठं इंजिन बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी ठेवा. मुलांनो, यंत्राचं वेड सोडू नका. ते हात शिकवतं. पण माळशेज उतरताना गाडीत आई-बाप बसलेले असतात, हे लक्षात ठेवून पाना हातात घ्या.